रोशन टॉकीजची बाल्कनी

चि. दिग्विजय,

आबांनी बांधलेली टॉकीज तू पुन्हा उभी केलीस, तेव्हा अख्खं धाराशिव बघायला लोटलं. तामलवाडीच्या आत्या तर बाल्कनीत बसून रडल्या. त्यांनी आयुष्यातला पहिला सिनेमा तिथंच पाहिला होता.

पण नव्या रंगाखालचं बाल्कनीचं लाकूड वाळवीनं पोखरलंय. फोनवर सांगितलं, तर तू हसलास. "ताई, उद्घाटनाला एवढी माणसं बसली, काही झालं का? तू लई भितीस."

तेव्हा काही झालं न्हाय, हे खरं. पण आता गाणं लागलं की खाली बसलेल्यांच्या डोक्यावर भुसा पडतो. काल तुळई आणि भिंतीमधल्या फटीत माझी बोटं गेली. आज सकाळी वर कुणीच नसताना बाल्कनी करकरली.

आज शाळेच्या पोरांचा खेळ आहे, आणि तू त्यांना वर बसवायला सांगितलंस. त्यांच्या गाड्या फाटकात आल्यात. हे पत्र धाडायला आता वेळ न्हाय. बाल्कनीला कुलूप घालून मी जिन्यात बसलेय. तुझा मॅनेजर कृष्णराज समोर उभा आहे. "ताईसाहेब, किल्ली द्या."

किल्ली मी टॉकीजमागच्या विहिरीत टाकलीय. पोरांचा गलका जिन्यापर्यंत आलाय. कृष्णराजनं कुलूप तोडायला हातोडा मागवलाय.

मी इथून उठणार न्हाय.

तुझी ताई,
राजनंदिनी