उजवीकडची सीट

८ डिसेंबर १९६८, रविवार
अमरावतीला जाऊन गाडी पाहिली. जर्मन. दोनच सीट. वीजघराच्या कामावर आलेला कुणी साहेब सोडून गेला, ती आता गयासुद्दीन मिस्त्रीच्या अंगणात उभी आहे. इंजिनात पिस्टनच नाही! एक तिकोनी लोखंडी तुकडा गरागरा फिरतो. वाचनालयातल्या मासिकात मी हे वाचलेलं असल्यामुळे अख्ख्या अकोल्यात या इंजिनाचा जाणकार मी एकटाच. सव्वीस जानेवारीची अमरावती ते अकोला मोटार-रेस जिंकल्यात जमा आहे. ड्रायव्हिंगचा प्रश्न नाही. जीप दोनदा चालवली आहे.

वीस प्रश्न लिहून नेले होते. एकही विचारावा लागला नाही. मिस्त्रीनं आपण होऊनच सांगितलं की गाडी गरम झाली का बंद पडते, मंग काई केल्या उठत नाई. ब्रेक दाबला का उजवीकडे खेचते. तेल तर पाण्यावानी पिते. वर म्हणाला, 'मास्तर, रेससाठी नोका घेऊ. रोजे चालू हायेत माहे, खोटं बोलणार नाई.'

आपल्याच मालाची इतकी निंदा कोणी उगाच करत नाही. त्याला गाडी द्यायची नाही, हे उघड आहे. म्हणजे गाडी उत्तम आहे.

१० डिसेंबर
नियमाप्रमाणे गाडीत जोडीदार हवा. सिंधूला घ्यायचं ठरवलं आणि तसं तिला सांगितलं. 'मी?' एवढंच म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. चौदा वर्षांच्या संसारात तिला एवढा आनंद झालेला पाहिला नव्हता.

१५ डिसेंबर, दुपारी
दुसरी तपासणी. टायरांना लाथा मारून पाहिल्या. बॉनेट उघडून बराच वेळ 'हं' म्हटलं. थंड इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. मिस्त्री म्हणाला, आता धा मैल फिरवून आना, बंद करा, अन् मंग पुन्हा चालू करून दाखवा. मी साफ नकार दिला. माणूस स्वतः उपाशी. तरी रजियाबीला, म्हणजे त्याच्या बायकोला सांगून त्यानं माझ्यासाठी चहा करवला. तो पिऊन त्याच्याच गाडीवर संशय घ्यायचा? आपल्यावर काही संस्कार आहेत की नाहीत?

ओसरीत बाजेवर त्याचा धाकटा भाऊ वाहेद पडलेला. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. स्टीअरिंग डावीकडे, म्हणून तो उजवीकडच्या सीटवर बसला होता म्हणे. समोरून ट्रक आला, मिस्त्रीनं ब्रेक दाबला, गाडी ट्रककडेच गेली. 'गाडी काय पायता मास्तर, मले पाहा,' असं म्हणाला. दोघं भाऊ मिळालेले आहेत. निघताना प्लास्टर टकटक करून पाहिलं. खरं होतं.

घरी सिंधूला हे नाटक रंगवून सांगितलं. हसली नाही. कोणत्या बाजूला बसला होता, एवढंच विचारलं.

१७ डिसेंबर
शांतपणे विचार केला. रोजे आहेत तोवर मिस्त्री निंदा करणार. ईद झाली की मोकळा होईल, गाडीची तारीफ सुरू करील आणि भाव चढवील. तेव्हा ईदच्या आत घ्यायची. असं सुचायला व्यवहारज्ञान लागतं.

सिंधूनं घर आवरायला काढलंय. शैलाला वरणभात शिकवला. आमची पोर अकरा वर्षांची. तिला किल्ल्या कुठे, रेशनकार्ड कुठे, सगळं दाखवत होती. लग्नातला शालू तिच्या नावाची चिठ्ठी लावून ट्रंकेत ठेवला. रेसचा उत्साह बायकांमध्ये असा बाहेर पडतो.

१८ डिसेंबर
सिंधू एकटीच स्टुडिओत जाऊन फोटो काढून आली. मोठा, फ्रेम करण्याजोगा. वर्तमानपत्रवाल्यांना लागणारच होता. माझाही काढून घेऊ का, विचारलं. 'तुम्ही तर डावीकडे बसून राहिले. तुमचा कशाला?' म्हणाली. नम्र आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार
पोटदुखीचा अर्ज देऊन अमरावती गाठली. जुम्म्याची नमाज आटोपून मिस्त्री येईपर्यंत गाडीशेजारी उभा राहिलो. त्यानं पुन्हा तेच पुराण लावलं. मी हललो नाही. शेवटी कंटाळून त्यानं किल्ली काढली. 'जीव तुमचा हाये मास्तर. घ्या.' जिंकलो!

तेवढ्यात त्यानं विचारलं, उजवीकडे कोन बसनार? मी अभिमानानं सांगितलं. किल्ली परत खिशात गेली. 'तुमाले देतो. बाईले नाई देत. त्या सोताच्या तोंडानं हो म्हनतील तरच.'

अट मान्य केली. सिंधूनं मला आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार
सिंधूला घेऊन एस.टी.नं अमरावती. मिस्त्रीनं तिला खुर्ची दिली. गाडीचं सगळं पहिल्यापासून सांगितलं, वाहेदकडे बोट दाखवलं आणि विचारलं, बाई, तुमची मर्जी हाये का? मी तिला मान हलवायची खूण केली.

सिंधू म्हणाली, 'हे म्हणतील तिथं मी बसते, भाऊ. भीती वाटून राहिली, लय वाटून राहिली, पण बसते. तुमच्याजवळ फक्त एक सांगून ठेवते. मला काही झालं तर शैलाला माझ्या भावाकडे खामगावला पोचवा. यांच्याजवळ नका राहू देऊ.'

मिस्त्रीनं किल्ली बाहेर काढलीच नाही. रजियाबी तिला हाताला धरून आत घेऊन गेली. वाहेदसुद्धा माझ्याकडे पाहीना.

परतीच्या एस.टी.त मूर्तिजापूरपर्यंत विचार केला. या बोलण्यात काहीतरी डाव असणार. सापडला नाही. शेवटी तिलाच विचारलं, माझ्याजवळ का नाही?

खिडकीबाहेर पाहत म्हणाली, 'तिलाही बसवाल कशात तरी.'

मी दोघांची तिकिटं हातात धरून बसलो. अकोला आलं तरी तिकिटं हातातच होती.