लोखंडाचं दार

२४ जून, मंगळवार
आठवीच्या फ्रेंचच्या तासाला आजपासून मागच्या बाकावर बसायला लागलो. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, "सर, तो तुमचा मोकळा तास. विश्रांती घ्या की." विश्रांती घेऊन काय करू, हे बोललो नाही. नव्या बाई वयाने लहान, मुलं दंगा करतात, गणिताचे सर मागे बसले तर गप्प राहतील, एवढंच म्हणालो.
गेल्या वर्षीपर्यंत हा वर्ग नीलाचा होता. मंगळवारी फ्रेंच, गुरुवारी स्पॅनिश, दोन्हीची तोंडओळख झाली की ऑगस्टमध्ये मुलांनी एक भाषा निवडायची. पद्धत तिचीच. नव्या चिन्मयी मिस पुण्याहून येतात, तीच चालू ठेवली आहे.
एका घरात इतकी वर्षं राहून मला यातला शब्द येत नव्हता. आज 'बाँजूर' म्हणालो. मुलं वळून बघायला लागली.

२६ जून, गुरुवार
स्पॅनिश. शेजारच्या बाकावर काजल. औंढ्याच्या वर डोंगरात जांभळीची वाडी आहे, तिथून येते. मोफत जागेवरची मुलगी. वर्गात तोंड उघडत नाही. मधल्या सुट्टीत मात्र आपण होऊन म्हणाली, "सर, हे स्पॅनिश बरंय. लिवतात तसंच वाचतात. फ्रेंचवाले निम्मी अक्षरं गिळत्यात."
हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१ जुलै, मंगळवार
जोडीजोडीने बोलायचा सराव. माझी जोडी काजलशी. कुटुंबाविषयी प्रश्न. तिने पुस्तकात बघून विचारलं, तुमच्या पत्नीचं नाव काय. विचारल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती खाली बघायला लागली. मी म्हणालो, "एल सापेल नीला." तिचं नाव नीला आहे. मिसनी मान डोलावली, बरोबर. यांना अजून वर्तमानकाळच शिकवला आहे. भूतकाळ दिवाळीनंतर.

घरी नी.च्या चिठ्ठ्या तशाच आहेत. कपाट, आरसा, खिडकी, दार, सगळ्यांवर फ्रेंच नाव. सराव म्हणून लावलेल्या. मार्चपासून मी त्यांच्याकडे बघतही नव्हतो. आज एकेक वाचली. दमटपणाने कडा सुटायला लागल्या आहेत.

८ जुलै, मंगळवार
धडा: माझं घर. प्रत्येकाने उभं राहून घरातल्या एका गोष्टीबद्दल एक वाक्य. ईशानने पोहण्याचा तलाव सांगितला. "भाड्याने देतात तो बंगला, तुझं घर नव्हे," मागून कोणीतरी. हशा.
काजलची पाळी. वाटलं, नाहीच बोलणार. पण बोलली. "ला पोर्त न फॅर्म पा." दार लागत नाही.
वर्गभर ओरडा, "आमचं पण!" "मिस, आमचं बाथरूमचं!" चिन्मयी मिस गोंधळल्या. त्यांना सांगितलं, लोणावळ्यात पावसाळ्यात कोणाचंच दार लागत नाही, लाकूड फुगतं, दसऱ्याला आपोआप बसतं. मीही हसलो. माझं मागचं दार आठवडाभर खांद्याने ढकलतो आहे.
काजल हसली नाही. बसली.

१० जुलै, गुरुवार
स्पॅनिश. वस्तू कशाच्या बनतात ते. परवाचीच वाक्यं पुढे न्यायची. दे मादेरा, लाकडाचं. दे येरो, लोखंडाचं.
काजल: "ला पुएर्ता एस दे येरो." मिस म्हणाल्या, छान, उच्चार फार छान. पुढचा मुलगा.

संध्याकाळी मागचं दार ढकलताना हात थांबला. तिचं दार लोखंडाचं आहे.
लोखंड फुगत नाही.

११ जुलै, शुक्रवार
काजलला मैदानाच्या कडेला गाठलं. घर घरकुल योजनेतलं, चौकट आणि दार दोन्ही लोखंडी. कधीपासून लागत नाही?
"ह्याच पावसापासनं. बाबांनी कानस मारली खालून. दोन दिस लागलं, परत न्हाई लागत."
अजून काही?
"झऱ्याचं पानी लाल येतंय. पर पावसात येतं की सर."
आणि खाली?
"खाली पोकलेन चालतंय. बंगल्यांसाठी डोंगर कापत्यात. आता पावसात बंद हाय."
मग मला म्हणाली, "सर, मी वर्गात सांगाया नको व्हतं का?"
"तसं नाही," म्हणालो. घंटा झाली.

१३ जुलै, रविवार
वाडीवर गेलो. औंढ्यापर्यंत जीप, पुढे पायवाट. धुकं इतकं की पुढच्या माणसाची फक्त छत्री दिसते. वाटेत विजेचा एक खांब कललेला. बुडाशी माती ताजी उकललेली, म्हणजे नवा कललेला.
काजलचे वडील लहू, आजोबा आबा. आत खाटेवर लहूचे थोरले भाऊ, बरेच दिवस आजारी. उठता येत नाही. नुसता श्वास ऐकू येतो.
आबांना दाराचं बोललो. ते म्हणाले, "पावसात समद्यांचीच दारं धरत्यात, मास्तर."
"हे लोखंडाचं आहे, आबा. लोखंड फुगत नाही."
"गंजतंय की. गंजून धरतं."
दोरी मागून घेतली आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. सारखे आले नाहीत. लहूने दोनदा स्वतः मोजून पाहिले, तेच आले. आबा म्हणाले, "गवंडीच तसला व्हता."
मी म्हणालो, जमीन सरकत असेल, निदान पाऊस कमी होईपर्यंत खाली चला. त्यांनी खाटेकडे हात केला. "ह्याला कुटं हलवू?"
काजलने चहा दिला. पितळी पेल्यात. खाली ठेवला तर चहा एका बाजूला जास्त चढलेला दिसला. भुई तशीच असेल. खेड्यातल्या भुया सपाट कुठे असतात. परत येताना सगळी वाट हेच स्वतःला सांगत होतो.

१४ जुलै, सोमवार
ग्रामपंचायतीत फोन केला. नीट बोलले. माणूस पाठवतो म्हणाले. दुपारी फोन, जाऊन आला, धुक्यात काही दिसलं नाही, उघडीप झाली की परत बघू.
स्टाफरूममध्ये देशमुख सर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, तुमच्यावर प्रसंगच तसा गुदरलाय. सध्या सगळीकडे वाईटच दिसणार. मुलीच्या घरी जाऊन त्यांना घाबरवू नका."
असेलही. मार्चनंतर मला गॅस बंद केला की नाही हे तीनदा बघावं लागतं.

१५ जुलै, मंगळवार
फ्रेंच. काजल आली होती. काही विचारलं नाही मी. तास संपल्यावर तीच म्हणाली, "झरा आटला, सर."
इतक्या पावसात?
"व्हय. पानी दुसरीकडनंच निघालंय. घराच्या मागनं."

१६ जुलै, बुधवार
काजलचे चुलते पहाटे गेले. जीपवाल्याकडून कळलं.

१७ जुलै, गुरुवार
स्पॅनिशच्या तासाला शेजारचं बाक रिकामं. आज धडा होता, कुठे आहे. वर, खाली, मागे, पुढे. मिस डस्टर टेबलावर ठेवून विचारत होत्या, मुलं ओरडून सांगत होती. टेबलाखाली. टेबलामागे.
घराच्या मागे, एवढंच माझ्या डोक्यात.

१९ जुलै, शनिवार
पुन्हा वाडीवर. भेटायला म्हणून गेलो, आणि भेटायलाच गेलो होतो हेही खरं.
लहू मला घरामागे घेऊन गेला. आबांना कळू न देता. भेग. माझा हात कोपरापर्यंत गेला. लहूने तीत मुरूम आणि दगड भरले होते, ते खाली गेले. "चार दिसांत तीनदा भरली, सर." आत कान लावला तर पाणी वाहताना ऐकू येत होतं.
लहूचं खाली यायचं मन झालं आहे. पण घरातला शब्द आबांचा.
आबा आत बसलेले. मुलगा जिथे गेला त्या जागी दिवा. तेराव्यापर्यंत तो तेवत ठेवायचा, घरच्या माणसाने जवळ बसायचं, एकटा सोडायचा नाही. हे मला कोणी सांगायला नको. मी मार्चमध्ये बसलो होतो.
लहू म्हणाला, "आबा, दिवा घेऊनच जाऊ. साळंत जागा हाय म्हनत्यात."
"साळंत? पोरं खेळत्यात तितं? माझ्या लेकाचा दिवा?"
"मंग मामाकडं."
"कोन घेईल रं सुतकाचा दिवा आपल्या घरात. मामी दारात तरी उभी करंल का?"
खरं होतं. कोणीच घेणार नाही.
मी म्हणालो, "माझ्या घरी आणा."
आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "कोन गेलं तुमचं?"
"बायको. मार्चमध्ये. अजून वर्ष चालू आहे. माझ्या घराला चालेल."
बाहेर काहीतरी गडगडलं, ढग की दगड ते कळलं नाही. मग आबा म्हणाले, "तेल आमचं आनू."

२० जुलै, रविवार
उद्यापासून अतिवृष्टीचा इशारा. शाळांना सुट्टी जाहीर.
सकाळी दिवा खाली आणला. घमेल्यात तांदूळ, त्यात समई दाबून बसवलेली, वर दुसरं घमेलं तिरकं धरलेलं. आबांनी कोणाला हात लावू दिला नाही. मी छत्री धरून शेजारी. पायवाटेवर ते दोनदा घसरले, दिवा हलला नाही. जीपमध्ये मांडीवर. जीपवाल्याने बघितलं, कपाळाला हात लावला, गाणं बंद केलं.
बाकीची घरं आली नाहीत. लहू घरोघर फिरला. "तुमच्या पोरीच्या मास्तरनं दोरी लावून डोंगर मोजला म्हनं," असं म्हणून हसले काहीजण. एकाने विचारलं, मास्तरचं वाडीत काय हाय?
काही नाही. तेच तर, मग माझं कोण ऐकणार.
दिवा नी.च्या खोलीत ठेवला. तिचा होता त्याच कोपऱ्यात. दुसरी जागा सुचली नाही.
ताईचा कान्ह्याहून फोन. तिला कोणी सांगितलं देव जाणे. "अरे, दुसऱ्याच्या सुतकाचा दिवा घरात घेतात का कोणी? नीलाला जाऊन वर्ष नाही झालं! काही झालं म्हणजे?"
"ताई, काय व्हायचं राहिलंय?"
मग म्हणाली, जेवायला काय केलंस सगळ्यांना?

२१ जुलै, सोमवार
पाऊस. आबा दिव्याजवळ बसून भिंतीकडे बघत असतात.
"ह्या चिठ्ठ्या कसल्या गं?"
"नावं हायेत, आबा. फ्रेंचमदी. ही खिडकी. हा आरसा."
"खिडकीला खिडकी म्हनून चिठ्ठी? दिसंना व्हय कुनाला?"
काजल हसली. आबा हसले नाहीत, पण थोड्या वेळाने मला म्हणाले, "त्यांच्या हातचं?"
"हो."
"ऱ्हाऊ द्या लावलेल्या."
दारावरची चिठ्ठी ओलीने गळून पडली होती. काजलने भाताची शितं लावून परत चिकटवली.

२२ जुलै, मंगळवार
शाळा बंदच, म्हणून काजलने घरीच तास घेतला. ती मिस, मी आणि आबा विद्यार्थी. आबांना स्पॅनिश आवडतं. 'कासा' म्हणजे घर, हे लगेच लक्षात राहिलं. 'मी कासा' तिने म्हणायला लावलं, माझं घर. म्हणाले. मग उठून वाती सारख्या केल्या.
लहू दिवसभर खिडकीशी. शेळ्या वर राहिल्या आहेत. आणि माणसं. शेळ्यांचं बोलतो, माणसांचं बोलत नाही.
डोंगर इथून दिसत नाही. नुसतं पांढरं.

२३ जुलै, बुधवार
लहू सकाळी वर गेला. मी अडवलं. म्हणाला, "सर, एक दोरी द्या. त्यांच्याबी चौकटी मोजून दाखवतो. माझ्या डोळ्यानं बघितलं तवा मला पटलं, त्यांनाबी पटंल." मी दोरी दिली. दुपारपर्यंत सगळ्यांना घेऊन येतो म्हणाला. आबांनी त्याला काही सांगितलं नाही, नुसता त्याच्या सदऱ्याला हात लावला.
दुपार झाली. फोन लागत नाही. तिकडे रेंज नसतेच.
जीपवाल्याला फोन केला. औंढ्याच्या पुढे रस्त्यावर चिखल आलाय, मोठा, गाडी जात नाही. चालत? बघतो म्हणाला. ग्रामपंचायतीला कळवलं. निघालो म्हणाले, या वेळी लगेच.
मी निघायला चपला घातल्या. आबा म्हणाले, "मास्तर, तुमी बसा. घरात बाप्या मानूस पायजे." मग स्वतःच, "मी हाय म्हना." पुन्हा, "बसा." बसलो.
काजल समोर वही घेऊन बसली आहे. ऑगस्टमध्ये निवडायची भाषा आत्ताच ठरवून मला सांगते म्हणाली, बाबा आले की त्यांनाही सांगते. काय ठरवलं ते सांगत नाही. बाबा आले की.
चार वाजता लांबून एक आवाज आला. मेघगर्जनेपेक्षा जास्त वेळ चाललेला. खिडकीच्या काचा हलल्या. आम्ही तिघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.
आबांनी दिव्यात तेल घातलं.
कोणी आलं तर ताटकळू नये म्हणून पुढचं दार उघडं ठेवलं आहे. चिठ्ठी वाऱ्याने फडफडते. काजल अधूनमधून उठून ती बोटाने दाबते आणि बाहेर बघून येते.