चंचीतला गोठा

श्री. रणधीरराव यांस, बेंबळीहून तुमच्या दाजींचा मनापासून रामराम. तुमचं आणि सौ. अर्पिताचं बरं असेल. तुमची मान दुखत होती, ती आता कॉम्प्युटर सोडून इकडंतिकडं वळते का? इकडं तुमच्या ताई मजेत, मी मजेत, म्हैस सगळ्यांत मजेत. दसऱ्याला गाडी घेऊन आत्यांना (तुमच्या मातोश्रींना) कायमचं पुण्याला न्यायला येताय, असं कळलं. त्याआधी तुमच्या कार्डांची हालहवाल कळवावी म्हणून हे पत्र.

गेल्या खेपेला तुम्ही आमच्या गोठ्यासाठी जाड कोऱ्या कार्डांचा गठ्ठा दिलात आणि शिकवलंत, की एका कार्डावर एकच काम लिहायचं, कार्डं ओळीनं लावायची आणि वरचं काम आधी उरकायचं. (नमुन्याचं पहिलं कार्ड तुम्हीच लिहिलंत, 'आईला पुण्याला आणणे'. ते आहे, काळजी नसावी.) पण ही कार्डं ठेवायची कशात आणि न्यायची कशी, हे शिकवायचं राहिलं. मी शर्टाच्या खिशात ठेवली, तर तुमच्या ताईंनी शर्टाबरोबर धुऊन काढली. पाया, खांब, पत्रे, अख्खा गोठा चिमटे लावून दोरीवर वाळत घालावा लागला. मग रबर लावून पिशवीत टाकली, तर ऐन आठवडी बाजारात पिशवी फाटली, रबर तुटलं आणि कार्डं मिरच्या-कांद्यांत पसरली. माणसं भली आपली! सगळ्यांनी गोळा करून दिली, ज्याच्या हाताला जसं लागलं तसं. दुसऱ्या दिवशी बिभीषण गवंड्यानं इमानानं वरचं कार्ड वाचलं, 'म्हैस आणणे', आणि हा पठ्ठ्या गेला की हो ठरवलेली म्हैस आणायला! गोठ्याला अजून पाया नव्हता. म्हैस बांधली ओसरीवर, माझ्या चहाच्या जागेवर, आणि मी चहा प्यायचो न्हाणीपाशी उभ्यानं.

तोवर आत्या कोपऱ्यात बसून असायच्या. तामलवाडीचं घर बंद करून आमच्याकडं आल्यापासून त्यांचं जेवण गेलं, बोलणं गेलं. तुमच्या ताई चुलीआड डोळे पुसायच्या. त्या दिवशी ओसरीवरच्या म्हशीकडं बघून आत्या खुदकन हसल्या, कमरेची चंची सोडली आणि म्हणाल्या, "आणा हिकडं, जावईबापू. येवढे कप्पे काय उगं हायेत व्हय?" कार्डांना घडी घातली, पानाच्या कप्प्यात करायची कामं, सुपारीच्या कप्प्यात चालू असलेली, तंबाखूच्या कप्प्यात झालेली. झालं! गोठा आत्यांच्या कमरेला गेला. आता बिभीषण सकाळी येतो (वेळेवर! गवंडी, आणि वेळेवर!), आत्या त्याला एक विडा आणि एक कार्ड देतात. जागा माझी, म्हैस माझी, पण आज काम काय आहे ते मला सासूबाईंना विचारावं लागतं. मध्यंतरी माझ्याही हातात कार्ड आलं, आमच्या लेकीकडनं, शिवांजलीकडनं लिहून घेतलेलं, 'जावयानं भिंतीला पाणी मारणं'. मारलं. करता काय! पण आत्या आता दोन भाकरी खातात, बिभीषणला मनसोक्त शिव्या देतात, आणि घर लई भरल्यासारखं वाटतं.

बाकी सगळं क्षेम. अर्पिताला आशीर्वाद.

तुमचे दाजी,
उत्तरेश्वर

ता.क. तुमचं नमुन्याचं कार्ड आहे म्हणालो, ते खोटं नाही. आत्या त्यानंच डबीतला चुना काढून पानाला लावतात. अक्षरं मात्र राहिली नाहीत.

ता.क. आणखी एक. गोठा खरं तर केव्हाच पुरा झालाय. म्हैस आत रवंथ करतीय. पण काल आत्यांनी तंबाखूच्या कप्प्यातलं भिंतीचं झालेलं कार्ड हळूच पानाच्या कप्प्यात सरकवलं. मी पाहिलं. बिभीषणनंही पाहिलं, आणि चांगली भिंत निमूट फोडायला घेतली. राव, त्यांना जायचं नाही, आणि आम्हालाही त्या जायला नको आहेत. पण अशा भिंती तरी किती फोडायच्या? दसऱ्याला जरूर या, पण न्यायला नको, भेटायला या, आणि येताना कोऱ्या कार्डांचा मोठा गठ्ठा आणा. आता शेळ्यांची शेड बांधायचं ठरलंय. शेळ्या अजून घेतलेल्या नाहीत. आत्या ते कार्ड काढतील तेव्हा बघू.