फोनवर न सांगितलेलं

चि. रिद्धीस,

कारखान्याची पाळी संपवून आत्ताच बोईसरहून आले. अंग आंबलंय, तरी लिहिते. हे पत्र मी पाठवणार नाही.

पालघरच्या चाचणीत त्या सॉफ्टवेअर कंपनीला स्वतःच्या खर्चाने तयार करायला पोहणारी एकच मुलगी निवडायची होती. तुला घेतलं, तू पुण्याला त्यांच्या वसतिगृहात गेलीस, आणि इथे चिंचणीत सगळ्यांनी ठरवून टाकलं की रूपल धाकट्या बहिणीसाठी मुद्दाम मागे राहिली. दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं. बाजारात मासळीवाल्या बायका माझ्या तोंडावरून हात फिरवायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

परवा तू फोनवर रडलीस. "ताई, ही जागा तुझी हाय. मी परत येते."

तेव्हा मला सांगावंच लागलं. "मी मागे नाय राहिले गं. तू मला हरवलंस."

तू "खरंच?" म्हणालीस आणि हसलीस. परत येण्याचं पुन्हा काढलं नाहीस.

आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "गप बस. मोठ्या मनाची हायस, म्हणून असं बोलतेस."

एक मात्र तुला सांगितलं नाही. त्या दिवशी मी जन्मात पोहले नव्हते इतक्या जोरात पोहले. भिंतीला हात लावून वर बघितलं, तर तू टोपी काढून माझी वाट बघत होतीस.

तुझी ताई,
रूपल