स्वतःच्याच खोलीबाहेर

वन्सं, सकाळी उठले, चादर ताणून चारही कोपरे गादीखाली खोचले, उशा थोपटल्या, न्हाणीघर पुसलं, आरशावरचे शिंतोडे टिपले, टॉवेल घडी करून दांडीवर टाकले, आणि पडदे सारखे करताना आठवलं, अगं बाई, आज आपण कामावर नाही, पाहुण्या आहोत!

(नमस्कार राहिलाच. गुडघा कसा आहे? तेल लावता ना, की बाटली नुसती बघता?)

झालं असं, की आमच्या मॅनेजरसाहेबांनी (माणूस सोन्यासारखा, फक्त प्रशिक्षणाला जाऊन आले की आम्हाला धडकी भरते) टूम काढली: हॉटेलातल्या प्रत्येकाने एक रात्र पाहुणा म्हणून राहायचं. ज्याचं कधी कोणी केलं नाही, तो दुसऱ्याचं मनापासून काय करणार, असं त्यांचं म्हणणं. पहिला मान माझा. इतकी वर्षं जे पलंग नुसते आवरले, त्यातल्या एकावर झोपले. म्हणजे अर्ध्यावर. तुमच्या भावाची बाजू मोकळी ठेवली. उशाशी दिवा, हातात वाचनालयाचं पुस्तक, आणि "विझव आता" म्हणणारं कोणी नाही.

सकाळी मी खाली नाश्त्याला गेले (तिथेही शेजारच्या टेबलावरच्या कपबशा उचलायला लागले, वाढप्याने हातातून काढून घेतल्या). तेवढ्यात आमच्या वादळाने खोली उघडली. वादळ म्हणजे माझी मजल्यावरची जोडीदारीण. तिची ढकलगाडी आली की भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखं वाटतं. आत माणूस राहिल्याची खूण नाही, माझी पिशवीसुद्धा कपाटात. मी आवरून गेलेच असं समजून तिने खोली रिकामी म्हणून कळवलं, खालच्यांनी ती लगेच एका गृहस्थांना दिली.

मी वर आले आणि, हाताची सवय बघा, किल्ली असून दार ठोठावलं. "हाउसकीपिंग!" आतून आवाज आला, "नंतर या." मी "बरं साहेब" म्हणून बाहेर उभी राहिले. चांगला बराच वेळ. मग डोक्यात उजेड पडला.

बोभाटा झाला. वादळ याच महिन्यात कायम व्हायची होती, आणि साहेब नेमके तिच्यावरच उखडले. मी मध्ये पडले, "साहेब, तिचा काय दोष? मी तिला कामच ठेवलं नाही." तर ती उलट माझ्यावरच उसळली, "एक दिवस तरी माझ्या हातचं घे की, बाई! नवे टॉवेल राखून ठेवलेत तुझ्यासाठी, कालपासून!"

वन्सं, मला रडूच कोसळलं. हे गेल्यापासून दया पुष्कळांनी केली, टॉवेल कोणी राखून ठेवले नव्हते. (तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही बोलावता, मीच येत नाही.)

साहेबांचा राग तिथेच विरघळला. वादळ कायम झाली. मला मात्र शिक्षा म्हणून आणखी एक रात्र पाहुणचार.

तुमची धाकटी भावजय

ता. क. महिनाअखेरीस आठ दिवस राहायला येते. एकच मागणं आहे, मला तुमच्या स्वयंपाकघरात पदर खोचू देऊ नका. मी ऐकणार नाही, पण तुम्ही हटून बसा.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरूण तसंच टाकलं आणि वादळ पलंग आवरत होती तेव्हा खुर्चीत बसून राहिले. चादरीचा एक कोपरा सैल राहिला. मी तो तसाच राहू दिला.