नवरदेवाच्या टोपीची खाच

एल्व्हिओ,

फळीवर चार टोप्या आहेत: तीन तुझ्या, एक माझी. काल बाबांनी तुझा हात हातात धरून फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, वाफाळलेल्या टोपीच्या माथ्यावर खाच घालायला शिकवलं. मी पुढे झाले, तर म्हणाले, "ओर्नेला, शिकलेल्या पोरीनं हात कशाला भाजून घ्यायचे?" भाऊ असलास तरी मला तुझा फार हेवा वाटला. तुम्ही मक्याचा पोलेंटा खायला बसलात, तेव्हा मी एकटीनेच एक टोपी घडवली. तू मात्र गप्पांच्या नादात खाच घालण्याआधीच फेल्ट निवू दिलं होतंस, राजकुमारा; निवलेल्या फेल्टमध्ये खाच टिकत नाही, पुन्हा वर येते.

शनिवारच्या नवरदेवाची टोपी कुणी करायची, ते बाबा आज ठरवतील. त्यांना चारही दाखव, माझी लपवू नकोस. मी आस्तीला मावशीकडे जातेय.

सकाळी मोजलं. रात्रभरात तुझ्या खाचा सहा-सहा मिलिमीटर वर आल्या, माझी एक मिलिमीटर.

ओर्नेला