शहाजीची बॅटरीची पेटी

शहाजी,

दुपारी लाइट गेली, म्हणून टेप तुझ्या बॅटरीच्या पेटीला लावला. पाच मिनिटांत जळाला. पेटी उघडून बघितली, तर नऊ व्होल्टच्या टेपला सरळ बारा व्होल्ट, आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. असलं काम करून आपल्या या मुंतझा वस्तीभर इलेक्ट्रिशियन म्हणून मिरवतोस. पेटी गच्चीवर नेऊन टाकलीय. अ‍ॅसिड गळतंय, हात लावू नकोस. डाळ-भात झाकून ठेवलाय.

तुझ्या आक्कानं गावाकडनं बोलून पाठवलेली कॅसेट तेवढी वाचली. उरलेली ऐकायला अल वक्र्याला रहमानकडे चाललोय. "आमचा शहाजी तिकडं काय काय शिकला?" असं ती विचारत होती, तेवढ्यात धूर निघाला. तिला उत्तर तूच लिही. मला खोटं लिहायला जमत नाही.

दाजी